ट्रंक लाइनची जबाबदारी कोणाची?

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात एके काळी कारखान्यांची धडधड ऐकू येत असे. आज ऐरोली, महापे येथील अनेक इमारतींत दूरध्वनी हेच उत्पादनाचे साधन झाले आहे. मात्र कार्यालयाची ईपीएबीएक्स यंत्रणा बाहेरच्या जगाशी जोडणारी ट्रंक लाइन कशी बसवायची, हा प्रश्न तंत्रज्ञावर सोपवून व्यवस्थापन मोकळे होत असे. ती मोकळीक आता संपली आहे.

१३ ऑगस्ट २०२४ रोजी ट्रायने दूरसंचार कंपन्यांना कठोर निर्देश दिला. नोंदणी न करता जाहिरातीचे कॉल करणाऱ्यांच्या सर्व जोडण्या दोन वर्षांपर्यंत तोडाव्यात आणि त्यांची नावे काळ्या यादीत टाकावीत, असा त्याचा आशय होता. पुढच्या काही आठवड्यांतच पावणेतीन लाखांहून अधिक क्रमांक व जोडण्या खंडित झाल्या आणि पन्नासवर संस्था काळ्या यादीत गेल्या.

या गैरवापराचे मूळ तंत्रज्ञानातील बदलात आहे. पीआरआय जोडणीवर एका वेळी ३० संभाषणे होऊ शकतात. ३१व्या संभाषणासाठी दुसरी जोडणी घ्यावी लागते. इंटरनेट प्रोटोकॉलवर चालणाऱ्या सिप ट्रंकला अशी ठरावीक मर्यादा नाही. करार आणि बँडविड्थ वाढवली, की वाहिन्या वाढतात. एकाच ट्रंकमागे शेकडो थेट क्रमांक ठेवता येतात. प्रामाणिक उद्योगाला ही सोय वरदान ठरली, तशीच ती त्रासदायक कॉलचा रतीब घालणाऱ्यांच्याही पथ्यावर पडली.

दुसरीकडे, शासनाने कॉल सेंटरवरील बंधने सैल केली. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांची नोंदणी रद्द झाली आणि जून २०२१ मध्ये नियम आणखी शिथिल झाले. हे स्वागतार्हच होते. परंतु प्रवेशद्वारावरील तपासणी गेली, तेव्हा आतील शिस्तीची जबाबदारी वापरकर्त्याकडे आली, हे अनेकांच्या ध्यानात आले नाही.

शिक्षा सर्व जोडण्यांना लागू होत असल्याने विक्री विभागाला वेगळी ट्रंक देऊन बचाव होत नाही. जाहिरातीचे कॉल नोंदणीकृत मार्गाने, १४०ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच गेले पाहिजेत. कोणत्या टेबलावरून बाहेर कॉल लागावा, पलीकडे कोणता क्रमांक दिसावा, परदेशी कॉल कोणाला खुले असावेत, हे लेखी ठरले पाहिजे. दुबळा पासवर्ड आणि खुली आयएसडी सेवा असेल, तर सुटीच्या रात्रीत परक्याच्या कॉलचे भलेमोठे बिल कंपनीच्या माथी येऊ शकते. कॉलच्या नोंदी नियमित तपासणे हाच त्यावरचा उपाय आहे.

नियामकाची कठोरता नागरिकांच्या मनःशांतीसाठी आवश्यक आहे. तथापि ज्या ट्रंकवरून विक्रीचे कॉल जातात, तिच्यावरच रुग्णाचा किंवा ठेवीदाराचा कॉलही येतो. एका बेजबाबदार विक्री प्रतिनिधीपायी तो दरवाजा बंद होऊ नये, याची काळजी यंत्रणा बसवतानाच घ्यावी लागेल. जोडणी तुटल्यानंतर तंत्रज्ञाला बोलावून उपयोग नाही.