तुलेचे प्रामाण्य

सर्व काही तर्काने सिद्ध करावयाचे, तर खुद्द तर्क कशाने सिद्ध करावयाचा? तर्कानेच म्हटले तर आत्माश्रय. अन्य प्रमाणाने म्हटले तर अनवस्था. नागार्जुनांनी ‘विग्रहव्यावर्तनी’त प्रमाणांविषयी हीच अडचण मांडली आहे. तिचा आधार घेऊन ‘मग शास्त्रवचनच पुरेसे’ असे म्हणणारे काही व्यवसायबंधू आढळतात. आम्हांस ते मान्य नाही.

न्यायसूत्रांत तुलेचा दृष्टान्त आहे. तुला सोने तोलते. शंका आल्यास ज्ञात वजनाच्या सोन्याने तुलाही तपासता येते. आपल्या औषधालयांतही सर्व काटे एकाच वेळी खोटे मानले, तर तपासणीच खुंटेल. एकेक काटा मात्र खुशाल तपासता येतो. चरकसंहितेतील आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती या चार परीक्षांकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो. जरणशक्तीवरून अग्नीचे अनुमान करावे, असे विमानस्थान सांगते. पण ते अनुमान खरे की खोटे, हे पुढे रुग्णाच्या प्रत्यक्ष अवस्थेवरूनच कळते.

तर्कास अंतिम आधार नाही, म्हणून आप्तवचनास परीक्षेतून सूट मिळत नाही. ‘म्हणून’ हा शब्द उच्चारून ती सूट मागणाराही अखेर तर्कच करीत असतो.