शेंपटाचा बडिवार

इंग्रजी भाषेंतील एकेक शब्द दहा-दहा अर्थांचें ओझें लीलेनें वाहतो आणि त्या प्रत्येक अर्थासाठीं मराठीला निराळ्या शब्दाचें दार ठोठवावें लागतें. सबब मराठी दरिद्री, असें मत आमच्या सुशिक्षित मंडळींत वारंवार ऐकूं येतें. या मताची परीक्षा आम्ही एका अगदीं साध्या शब्दावर करूं इच्छितों. तो शब्द म्हणजे ‘टेल’, अर्थात् शेंपूट.

या शब्दाचा संसार मोठा आहे, हें आम्हांस मान्य आहे. कुत्र्याला टेल, पतंगाला टेल, विमानालाही टेल. नाणें उडविलें तर त्याची मागची बाजू टेल. मेजवानीच्या काळ्या कोटाचे मागें लोंबणारे दोन पदर टेल. क्रिकेटच्या डावांतील अखेरचे फलंदाज टेल. आणि गुप्त पोलिसानें कोणावर पाळत ठेवली तर तीही टेल!

परंतु हें ऐश्वर्य उघडून पाहिलें म्हणजे त्यांतील कांहीं भाग उसना निघतो. जेन ऑस्टिन या लेखिकेच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरींत बेनेट यांची मिळकत त्यांच्या मुलींकडे न जातां दूरच्या पुरुष नातलगाकडे जावयाची असते. मिळकतीवरील अशा निर्बंधास इंग्रजी कायद्यांत ‘टेल’ म्हणत. त्याचा शेंपटाशीं कांहीं एक संबंध नाहीं. तो शब्द ‘कापणें’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच धातूपासून आला. कपडे बेतणारा टेलर हा त्याचाच भाऊबंद. दोन निराळ्या घराण्यांतील शब्द केवळ उच्चारानें एक झाले, याला श्रीमंती म्हणावयाचें कीं योगायोग?

आणि मराठी शेंपूट काय मुकें आहे? हत्ती जातो आणि शेंपूट राहतें. न संपणारें काम मारुतीचें शेंपूट होतें. भित्रा मनुष्य शेंपूट घालतो. लांबसडक वेणीचा शेंपटा होतो. उन्नतीच्या नांवाखालीं चालणाऱ्या अधोगतीस आम्ही पुच्छप्रगति म्हणतों. हे सर्व अर्थ एकट्या ‘टेल’ला पेलणार नाहींत. तेवढ्यावरून इंग्रजीस दरिद्री ठरविण्यास मात्र कोणी पुढें येत नाहीं.

धूमकेतूचें उदाहरण तर डोळे उघडणारें आहे. त्याच्या तेजस्वी पट्ट्यास इंग्रज टेल म्हणतो. आमच्या जुन्या माणसांनीं त्याच वस्तूकडे पाहून तिला शेंडी म्हटलें आणि त्या ताऱ्यास शेंडेनक्षत्र हें नांव दिलें. हा अडाणीपणा असें ज्यांस वाटेल, त्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं ‘कॉमेट’ या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ ‘लांब केसांचा’ असाच आहे. आणि १०६६ सालीं दिसलेल्या हॅलेच्या धूमकेतूस कांहीं लोक केसाळ तारा म्हणतात, अशी नोंद इंग्रजांच्याच जुन्या बखरींत आहे. शिवाय शेंपटी म्हटली कीं ती मागें असावयाची. धूमकेतूची तशी नसते. सूर्याचा प्रकाश आणि सूर्यापासून वाहणारा कणांचा प्रवाह तिला सूर्याच्या विरुद्ध दिशेस लोटतात; म्हणून सूर्याला वळसा घालून परत जातांना ती धूमकेतूच्या पुढें असते. ‘धूमकेतूची शेंपटी’ एवढेंच शिकलेल्या मुलास हें कोडें वाटतें. वाऱ्यावर उडणारी शेंडी डोळ्यांपुढें असेल तर वाटत नाहीं.

परक्या भाषेकडून कांहीं घेऊंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. क्रिकेटच्या वर्णनांत ‘शेंपूट वळवळलें’ असें मराठी वृत्तपत्रें लिहितात. कल्पना इंग्रजी खरी, परंतु वळवळणें हें आपलें. म्हणून तो प्रयोग पचला. उलट, ‘पोलीस त्याच्या मागावर होते’ असें सरळ सांगतां येत असतां जो तेथें ‘पोलिसांनीं त्याचें शेंपूट धरलें’ असें लिहील, तो दोन्ही भाषांचा अपराधी होय. कोशांतील पहिला अर्थ उचलून वाक्यांत बसविणें म्हणजे भाषांतर नव्हे. इंग्रज काय पाहतो तें समजून घ्यावें आणि मग तेंच मराठी माणूस काय पाहतो, हें स्वतःस विचारावें. भाषांतरकाराचें काम तेथून सुरू होतें.

आमच्या वाचकांच्या मुलांनीं ‘टेल’चे सगळे अर्थ अवश्य शिकावे. त्यांत त्यांचें हितच आहे. परंतु तीं मुलें ‘टेल’ शिकतील आणि छापा-कांटा, शेंडेनक्षत्र हे शब्द त्यांच्या कानांवरूनही जाणार नाहींत, असें झालें तर तें दारिद्र्य मराठी भाषेचें नव्हे. तें आमच्या घरांतील बोलण्याचें आहे, आणि त्याचा दोष इंग्रजीवर ढकलतां येणार नाहीं.