पुढची तपासणी कधी?

मोजायच्या उपकरणाचं कॅलिब्रेशन किती दिवसांनी करावं? आपल्याकडे याचं एकच उत्तर: वर्षातून एकदा. का? तर स्टिकरवर तशी तारीख आहे म्हणून!

गंमत म्हणजे प्रयोगशाळांसाठीचं आयएसओ १७०२५ हे मानक म्हणतं की, ग्राहकाशी तसं ठरलं नसेल तर प्रमाणपत्रावर पुढच्या मुदतीची शिफारस करू नये. बरोबरच आहे. उपकरण दिवसातून शंभरदा वापरलं जातं की कपाटात पडून असतं, हे प्रयोगशाळेला कसं कळणार? ते वापरणाऱ्यानंच ठरवायचं.

दुकानदाराची गोष्ट वेगळी. तिथे गिऱ्हाइकाचा पैसा असतो, म्हणून मुदत कायदाच ठरवतो. २०११ च्या नियमांप्रमाणे वजनं आणि साधा तराजू दोन वर्षांनी, तर इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी पडताळून घ्यावा लागतो.

बाकी ठिकाणी माझ्या मते प्रश्न उलटा विचारावा. तपासणीत उपकरण चुकतंय हे कळतं. कधीपासून चुकतंय हे कळत नाही. म्हणजे मागच्या तपासणीनंतरच्या सगळ्याच नोंदी संशयाच्या. मग किती नोंदींवर पाणी सोडायची तुमची तयारी आहे? मुदत तेवढीच ठेवा.

सुरुवातीला ती कमीच असावी. दोन-तीनदा फरक नगण्य निघाला तर वाढवावी, फरक वाढत गेला तर घटवावी. उपकरण पडलं किंवा दुरुस्त केलं, तर तारखेची वाट बघू नये. आणि मधूनमधून साधा पडताळा घ्यावा. बर्फाचा चुरा आणि पाणी यांच्या मिश्रणात तापमापक ० अंश दाखवतो ना, एवढं बघायला कितीसा वेळ लागतो?

हे फक्त कारखान्यापुरतं नाही, मंडळी. घरातलं बीपीचं मशीन घ्या. त्याच्या आकड्यांवर आई-बाबांच्या गोळीचा डोस कमी-जास्त होतो. आपण डॉक्टरांकडे वही नेतो, मशीन मात्र घरीच! वर्षातून एकदा तेही पिशवीत टाका. पाच मिनिटं शांत बसवून, त्याच दंडावर, दोन्ही मशीनवर आलटून पालटून मोजायला सांगा. फरक मोठा दिसला तर काय करायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. मनानं गोळी बदलायची नाही.

तुमच्या घरचं मशीन शेवटचं कधी तपासलं होतं? आठवत नसेल, तर वहीतल्या आकड्यांवर एवढा भरवसा कशाच्या जोरावर?