लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमची सोयरीक

चतुर्थीला लाटंबार्सेला गेलो होतो. भाचा आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकतो. त्याने लोखंडी स्टँडला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वेल्ड करायचा घाट घातला होता. पट्टी वितळून ओघळली. जी थोडी चिकटली, तीही जरा ठोकताच सुटली. "मामा, माझा हातच वाईट की काय?" पोरगा खट्टू झाला होता.

हाताचा दोष नव्हता. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, पोलादाला सुमारे १५०० अंश लागतात. दोन्ही वितळवून एकत्र केलीच, तर सांध्यात लोह आणि अ‍ॅल्युमिनियमचं संयुग तयार होतं. ते कठीण असतं, पण ठिसूळ. त्याचा थर जाड झाला की सांधा तडकतो.

मग हा खटाटोप कशाला? वजनासाठी. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं. गाडी हलकी तर इंधन कमी. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीचंच ओझं मोठं, म्हणून तिथे ही गरज आणखी.

आपल्या शेजारी सत्तरीतल्या होंडा गावात १९८० साली स्थापन झालेली ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा आहे. तिथे बसच्या बॉड्या बनतात. बसबांधणीतला जुना उपाय साधा: पोलादी सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटने ठोकायचा. वितळवायचा प्रश्नच नाही.

गंमत म्हणजे वेल्डिंगची वाट दाखवणाऱ्यांत दुसरी होंडा आहे, जपानची! १९९१ मध्ये इंग्लंडमध्ये घर्षणाने धातू मऊ करून, ढवळून जोडायची पद्धत निघाली. ती वापरून होंडाने २०१२ मध्ये अमेरिकेतल्या अकॉर्ड गाडीची पुढची सबफ्रेम पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम जोडून बनवली. फिरतं हत्यार दाबून पुढे सरकवायचं. धातू वितळत नाही, त्यामुळे ठिसूळ थर अगदी पातळ राहतो. सबफ्रेमचं वजन २५ टक्के घटलं.

तरी एक शत्रू उरतोच: ओल. दोन धातूंमध्ये खारं पाणी शिरलं की तिथे छोटी बॅटरीच तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजू लागतं. आपल्या पावसाळ्यात हे विसरून चालत नाही. म्हणून मध्ये रंग किंवा सीलंट हवं.

भाच्याने मग स्टँडला रंग दिला, मध्ये रबराची पट्टी घातली आणि रिव्हेट मारले. म्हणाला, "म्हणजे वेल्डिंग कुठे करू नये, हेसुद्धा शिकायला हवं."

अशा मिश्र धातूंच्या गाड्या उद्या आपल्याच गावच्या गॅरेजात दुरुस्तीला येतील. तेव्हा हे ओळखणारा हात लागेल. तो याचा असावा.