हातात येणारा पगार आणि दाखल्यावरचा पगार

भाच्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. महाडीबीटीवर राजर्षी शाहू शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा, म्हणून आम्ही श्रीरामपुरात उत्पन्नाचा दाखला काढायला गेलो. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर खुल्या प्रवर्गातल्या मुलाची निम्मी शिक्षण फी सुटते.

फॉर्म भरणारा म्हणाला, "बँकेत जमा होतो तो पगार गुणिले बारा." दाजी चाकणला सुपरवायझर आहेत. हातात ५६ हजार, म्हणजे वर्षाचे ६ लाख ७२ हजार. काम झालं! पण भाच्यानं पगाराची स्लिप पाहिली आणि विचारलं, "मामू, पीएफचे ५ हजार आणि सोसायटीच्या हप्त्याचे ४ हजार पप्पांचे नाहीत का?"

आहेतच. कपात पगार मिळाल्यावर होते. मूळ आकडा ६५ हजार, वर्षाचे ७ लाख ८० हजार. वर दिवाळीचा ३० हजार बोनस. झाले ८ लाख १० हजार.

उलटी चूकही सर्रास होते. आमच्या आयटीतली पोरं नेमणूकपत्रावरचा सीटीसी घरचं उत्पन्न म्हणून सांगतात. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, आरोग्य विम्याचा हप्ता असं सगळं धरलेलं असतं. यातलं काही महिन्याच्या पगारात येत नाही, आणि सर्वसाधारण पगारदाराच्या फॉर्म १६ मधल्या एकूण पगारातही दिसत नाही. कंपनीचं क्वार्टर असेल तर मात्र त्याची किंमत तिथं लागते. तेव्हा सीटीसी बाजूला ठेवा, फॉर्म १६ उघडा.

दाजींनी खरा आकडा लिहिला. दोन गाळ्यांच्या मालकाला ९० हजारांचा दाखला मिळतो हे मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यावर आपण फक्त हसतो. पगारदाराची स्लिप बोलते, गल्ल्याला स्लिप नसते. आपल्या तरुणांनी याविरुद्ध बोलायला हवं, मग गाळा आपल्या चाचांचा असला तरी. आणि सरकारकडेही मागायला हवं: ८ लाखांना निम्मी सवलत आणि वर १० हजार गेले की शून्य, हा कडा कशाला? टप्पे करा. बोनस, ओव्हरटाइम, क्वार्टर यांतलं काय धरायचं ते अर्जावरच छापा.

भाच्याची पूर्ण फी भरली. त्यात माझे ४० हजार आहेत. ते पुढच्या वर्षी घरच्या उत्पन्नात दाखवायचे का, असं त्यानं विचारलंय.