बोटभर सांधा

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरात रंगाचा डबा येतो आणि मधल्या खोलीतले कॅलेंडर भिंतीवरून खाली उतरते. ते उतरले की मागची भेग दिसते. केसासारखी बारीक. मी तीत पुट्टी भरतो, वरून रंगाचा हात फिरवतो, आणि कॅलेंडर पुन्हा त्याच खिळ्यावर जाते. वडील होते तेव्हा हे काम ते करीत. पुट्टीऐवजी चुना असे, एवढाच फरक. तो खिळा तिथेच का, असा प्रश्न मला चाळीस वर्षांत कधी पडला नाही. माणूस शब्दांची व्युत्पत्ती शोधीत आयुष्य घालवतो आणि घरातल्या खिळ्याची विचारीत नाही!

हे घर वडिलांनी १९८३ साली बांधले. अमरावती आणि बडनेरा मिळून महानगरपालिका झाली, तेच ते वर्ष. तीस बाय पन्नासचा भूखंड, त्यावर तीन खोल्या, पुढे ओटा, मागे परस. वडील कचेरीत कारकून होते. त्यांच्या हिशेबाने हा वाडाच होता. आम्हालाही तो पुरत होता. पण २०२४ चा मे महिना आला. अकोल्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हापायी १४४ कलम लावले. चोर-दंगलखोरांसाठी असलेले कलम सूर्यनारायणामुळे लागलेले त्या वर्षी पाहिले. त्याच आठवड्यात जठारपेठेत एकट्या राहणाऱ्या माझ्या सासूबाई भर दुपारी न्हाणीघरात घेरी येऊन पडल्या. शेजारणीने हाक मारली म्हणून कळले. रस्ता आता उत्तम आहे. २०२२ च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला मार्गावर पंचाहत्तर किलोमीटरचा एक पदर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम झाला होता. तरी त्या दुपारी सौभाग्यवतीला तो रस्ता काही केल्या संपेना.

सासूबाईंना आम्ही घेऊन आलो. दिवाणखान्यातला दिवाण त्यांचा झाला. मुलगी बारावीत, ती स्वयंपाकघरात ओट्याशेजारी अभ्यास करू लागली. मी वह्या तपासायला पुढच्या ओट्यावर गेलो. घर लहान पडते म्हणजे काय, ते मला डासांनी समजावून सांगितले.

मग घरात दोन पक्ष झाले. सौभाग्यवतीचा पक्ष म्हणे, हे घर विकावे आणि बडनेरा रस्त्याकडे तीन खोल्यांचा फ्लॅट घ्यावा. लिफ्ट आहे, पाणी आहे. मुलगी त्याच पक्षात. माझ्या पक्षात मी एकटाच. माझे म्हणणे, मागून जिना काढू आणि वर दोन खोल्या चढवू. दुसऱ्याच्या घराच्या बांधकामावर सल्ला द्यायला वऱ्हाडात कोणी मागे राहत नाही. प्राध्यापकांच्या खोलीत तर इतिहासवाल्यांनी स्लॅबची जाडी सांगितली आणि गणितवाल्यांनी वास्तुशास्त्र!

एका रात्री जेवताना मी ठेवणीतला मुद्दा काढला. म्हटले, "या अमरावतीकडेच बघ. भोवती परकोट, पाच वेशी, चार खिडक्या. वस्ती मावेना तेव्हा लोक गाव सोडून गेले नाहीत, वेशीबाहेर वाढले. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, ती बडनेऱ्यावरून. कापसाची एवढी मोठी पेठ, आणि गाडी दहा किलोमीटर बाजूने निघून गेली. गाव उठून बडनेऱ्याला गेले का? नाही. बडनेऱ्याहून फाटा काढला. आणि पुढे बडनेराच अमरावतीत आले!"

सौभाग्यवतीने शांतपणे भाजी वाढली आणि म्हणाली, "आणि अजून आपण लांबच्या गाडीसाठी ऑटो करून बडनेऱ्यालाच जातो. वर्गात लीळाचरित्र शिकवता. चक्रधरस्वामी एका जागी गुंतू नका म्हणून सांगतात, आणि तुमचा पाय या तीन खोल्यांतून निघत नाही."

मला उत्तर सुचले नाही. खरे कारण गावाच्या इतिहासात नव्हतेच. घर विकले तर वडिलांनी जन्मभर जमवलेले एका सहीने संपेल, अशी भीती होती. ही गोष्ट जेवताना कशी सांगायची?

अखेर २०२५ च्या मे महिन्यात मिस्त्री आले. त्यांनी छत पाहिले नाही, भिंती ठोकून पाहिल्या नाहीत. मधल्या खोलीत आले आणि सरळ कॅलेंडर उचलले. मागच्या भेगेत माझी करंगळी गेली असती. दिवाळीत केसाएवढी दिसणारी भेग ती हीच! मिस्त्री म्हणाले, "सर, पाया पाह्यल्याबिगर मी काही सांगत नाई."

भिंतीला लागून खड्डा खणला. आपली वऱ्हाडची काळी कपाशीची लाडकी. घराची मात्र वैरीण. पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात सुकून आकसते. शेतात तिला भेगा पडतात तशा तिच्यावर उभ्या असलेल्या भिंतींनाही पडतात. पावसाळ्यानंतर त्या मिटतात. म्हणून आम्हाला दिवाळीत, रंगाच्या वेळी, सगळे ठीक दिसायचे. आणि उन्हाळ्यात कॅलेंडर हलवून बघण्याचे कोणाला कारणच नव्हते. अशा जमिनीत पाया खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो. आमचा पाया चार फुटांवर थांबला होता. खाली सब्बल घातली तरी काळीच. मुरूम लागला सात फुटांवर.

मिस्त्री हात झटकत म्हणाले, "वर नोका चढू. हे घर बुढ्या बैलावानी हाये. हाये तेवढं वाहीन. नवं ओझं नोका टाकू."

त्या रात्री मी वडिलांची हिशेबाची वही काढली. पाया खणण्याची मजुरी 'आठ दिवस' लिहून खोडली होती आणि पुढे 'सहा दिवस' केले होते. त्याच पानावर चार ओळी खाली धाकट्या बहिणीच्या जन्माच्या वेळचा दवाखान्याचा खर्च होता. म्हणजे त्यांना ठाऊक होते. पुढची सगळी वर्षे दर दिवाळीला ते चुना भरीत आले, आणि घरात कोणाला काळजी नको म्हणून त्यावर कॅलेंडर लावीत आले. वही मी सौभाग्यवतीपुढे ठेवली. तिने ते पान वाचले, आणि फ्लॅटचा विषय पुढे चार दिवस काढला नाही.

पण आता तिचेच म्हणणे खरे ठरत होते. आम्ही सासूबाईंना घेऊन फ्लॅट पाहायला गेलो. तिसरा मजला, गुळगुळीत फरशी. सासूबाई गॅलरीत उभ्या राहिल्या, खाली पाहिले, वर पाहिले आणि विचारले, "इथं वाळवण कुठी घालाचं?" विकणाऱ्या गृहस्थांना हा प्रश्न नवीन असावा.

परत येताना माझ्या ध्यानात आले की वर्षभर आम्ही भांडलो ते ज्यांच्या खोलीवरून, त्यांना कोणी विचारलेच नव्हते. घरी आल्यावर विचारले. सासूबाई म्हणाल्या, "जवाईबापू, मले वरची खोली नोको, अन् तिसरा मजलाही नोको. मी काय पाखरू आहो, वर जाऊन बसाले? मांगं परसात एक खोली द्या. दार मात्र माह्यं येगळं ठेवा, अन् गॅसची जागा."

सौभाग्यवतीचे डोळे भरून आले. "आई, वेगळं दार कशाला? आम्ही परके का?"

"परके नाई व माय. पन लेकीच्या घरी पाहुनी किती दिवस राह्यते? शेजारीन जलमभर राह्यते."

ठरले. २०२० च्या डिसेंबरात मुंबई आणि काही भाग सोडून राज्यभर एकच बांधकाम नियमावली आली, तेव्हापासून लहान भूखंडांची परवानगी सोपी झाली आहे. शेजाऱ्यांच्या बाजूने सोडायची जागा सोडून दहा बाय बाराची खोली बसली. न्हाणीघराला आधाराची दांडी. पाया सात फूट, मुरमात. जठारपेठेतले घर विकले नाही, भाड्याने दिले. भाडे सासूबाईंचे, आणि खोलीच्या खर्चातला वाटा त्यांनी हट्टाने दिला.

नवी भिंत जुन्या भिंतीत गुंफावी, म्हणजे घर एकजीव होईल, असे मला वाटत होते. इंजिनियरने मान हलवली. "दोघींचे पाये निराळे. जुनी हलणार, नवी हलणार नाही. बांधून टाकल्या तर दोघी तडकतील. मध्ये बोटभर सांधा ठेवा, त्यात मऊ पट्टी भरा, वरून पत्र्याची झाकण-पट्टी मारा. पाणी तेवढे आत जाऊ देऊ नका." जुन्या घराभोवतीही त्याने फरशीचा पट्टा करवून घेतला, म्हणजे पावसाचे पाणी पायापाशी मुरणार नाही.

तो निघून गेल्यावर मी त्या फटीकडे बराच वेळ पाहत उभा राहिलो. सासूबाईंनी बांधकामाचे शास्त्र न शिकता तेच सांगितले होते. आम्ही मात्र प्रेमाच्या भरात सगळ्यांना एकाच भिंतीत चिणायला निघालो होतो.

या दिवाळीला कॅलेंडर खाली उतरवले. भेग आहेच, केसासारखी. पुट्टी भरली नाही. इंजिनियरने सांगितल्याप्रमाणे तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण केली आणि शेजारी तारीख लिहिली. मे महिन्यात पुन्हा पाहायचे. कॅलेंडरसाठी समोरच्या भिंतीत नवा खिळा ठोकला. मुलगी म्हणाली, "बाबा, पाहुणे आले की भेग दिसेल." म्हटले, "दिसू दे."

एवढ्यात मागच्या दारावर थाप पडली. सासूबाई चकल्यांचे ताट पदराखाली घेऊन उभ्या होत्या. आत न येता, अगदी शेजारणीच्या थाटात त्यांनी विचारले, "घरात हाये का कोनी?"

होतो. सगळेच होतो.