उद्याही येणारे गिऱ्हाईक

परभणीहून मुंबईला निघालेल्या माणसाला स्टेशनवर पोचवायला आलेली मंडळी तीन प्रश्न हमखास विचारतात. तिकीट कन्फर्म आहे ना? उतरणार कुठे? आणि जेवायचे काय? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरे असतात. चुलत साडू कल्याणला असतो, नाहीतर आमदार निवासात कोणाची तरी खोली असते, अगदीच काही नसले तर धर्मशाळा आहेच. तिसऱ्या प्रश्नाला मात्र ‘बघू तिथे गेल्यावर’ एवढेच उत्तर. घरून बांधून दिलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचे देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी मुंबई गाठेपर्यंत, फार तर त्या दिवशीच्या दुपारपर्यंत पुरते. संध्याकाळपासून माणूस शहराच्या ताब्यात जातो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही कितीही अभिमानाने सांगत असलो, तरी दादरच्या हॉटेलातल्या गल्ल्यावर ते चालत नाही.

शहरात कुठे काय खावे याच्या याद्या पुष्कळ छापून येतात. त्या हौसेने बाहेर जेवणाऱ्यांसाठी असतात आणि त्यात वाईट काही नाही. पण आमच्या जिल्ह्यातला माणूस मोठ्या शहरात सहसा हौसेने जात नाही. परळच्या टाटा रुग्णालयात कोणाला तरी दाखवायचे असते, मंत्रालयात फाईल अडकलेली असते, छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात तारीख असते, नाहीतर पोरगा पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करीत असतो. बँकेत असताना दवाखान्यासाठी सोने तारण ठेवायला किंवा मुदतठेव मोडायला आलेली शेकडो माणसे मी पाहिली. किती लागतील, असे विचारले की ती हिशेब सांगत. तपासण्या इतक्या, औषधे इतकी, गाडीभाडे इतके. जेवण त्यात कधीच नसे. आता साधा गुणाकार करून पाहा. रोग्याबरोबर दोन माणसे, दिवसातून दोन वेळा, सहा आठवडे, म्हणजे एकशे अडुसष्ट ताटे झाली. ताट साठ रुपयांचे असेल तर दहा हजार ऐंशी रुपये आणि एकशेवीसचे असेल तर वीस हजार एकशे साठ. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात मधल्या दहा हजारांना फार अर्थ असतो. म्हणून बरे आणि परवडणारे जेवण कुठे मिळेल, हा प्रश्न मला चवीपेक्षा हिशेबाचा वाटत आला आहे.

आमच्या वडिलांच्या पिढीचे मोठे शहर म्हणजे हैदराबाद. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि आमची राजधानी बदलली. पण जिभेला आणि पायांना ते उशिरा कळले. रुंद रूळ नव्वदच्या दशकात आले. तोवर मुंबईला जायचे तर मनमाडला गाडी बदलणे आले, आणि हैदराबाद मात्र थेट. वडील हैदराबादेत इराण्याकडे चहा घेत आणि जेवायला एका ठरावीक मेसमध्ये जात. ती कशी सापडली, असे मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाले, “कचेरीतले कारकून जिथे जेवतात तिथे जायचे. साहेब जेवतात तिथे नाही आणि पाहुणे जेवतात तिथेही नाही.”

याचा अर्थ मला पुढे नोकरीत कळला. हॉटेलांच्या कर्जाचे अर्ज तपासताना दोन प्रकारचे धंदे दिसत. एक एसटी स्टँडसमोरचा. त्याचे गिऱ्हाईक आज येते आणि पुन्हा वर्षभर दिसत नाही. त्याला खूष ठेवून मालकाला काही मिळायचे नसते, त्यामुळे वरण पातळ झाले, तेल तेच ते वापरले, तरी उद्याच्या गल्ल्यात फरक पडत नाही. रात्रीच्या खासगी बसने प्रवास करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. बस ज्या ढाब्यावर थांबते तो ढाबा ड्रायव्हर-क्लीनरने निवडलेला असतो, त्यांचे ताट फुकट असते आणि त्याची किंमत आपल्या पनीरच्या भाजीत घातलेली असते. दुसरा धंदा आतल्या गल्लीतला. पाटी साधी, बाके जुनी, पण चाळीस माणसे तीच, रोजची. त्यांतला एक जरी चार दिवस दिसला नाही तरी मालकीण विचारते, काय हो, गावी गेला होता का? तिथे मीठ जास्त पडले तर त्याच संध्याकाळी ऐकून घ्यावे लागते. उद्या किती ताटे लागणार हे आज ठाऊक असते, म्हणून भाजी मोजून आणली जाते, वाया काही जात नाही, आणि स्वस्ताई येते ती तिथून. खाणावळ स्वस्त असते ती मालक दयाळू असतो म्हणून नव्हे. गिऱ्हाईक उद्याही येणार याची तिला खात्री असते म्हणून.

अडचण एवढीच, की परगावचा माणूस उद्याचे गिऱ्हाईक नसतो. तेव्हा त्याने उद्याची गिऱ्हाइके बसतात तिथे जाऊन बसावे. रिक्षावाल्याला किंवा दवाखान्याच्या वॉचमनला ‘इथे चांगले हॉटेल कुठे’ असे विचारू नये, तो तुम्हाला त्याच्या मते तुमच्या योग्यतेचे ठिकाण दाखवतो. ‘तुम्ही कुठे जेवता’ असे विचारावे. आत शिरल्यावर आज भाजी काय आहे ते विचारावे. एक-दोन नावे सांगितली तर बसावे, वीस सांगितली तर पाणी पिऊन निघावे. आणि साडेबाराला जावे. अडीच वाजता खाणावळीत भात संपलेला असतो. तो संपावा याच हिशेबाने तो शिजवलेला असतो.

पुणे या बाबतीत जुने आणि मुरलेले शहर. गरीब विद्यार्थ्यांनी माधुकरी मागून किंवा वार लावून जेवायचे दिवस तिथे होते. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या शहरात पूना बोर्डिंग हाऊस, टिळक रस्त्यावरची बादशाही यांसारखी बोर्डिंगे उभी राहिली, ती बिऱ्हाड नसलेल्या नोकरदारांच्या आणि विद्यार्थ्यांच्या पोटासाठी. तिथे अजून रांगेत नाव सांगून थांबावे लागते आणि त्या दिवशीचे ठरलेले ताट समोर येते. आज तिथे हौसेने जाणारेही पुष्कळ, दरही पूर्वीचे राहिलेले नाहीत. रोजचे काम आता सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्त्याच्या आसपासच्या मेस करतात. मराठवाड्यातून गेलेली हजारो पोरे त्यांवर जगतात. महिन्याचे पैसे आगाऊ, रविवारी दुपारी फीस्ट म्हणून एखादे गोड आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद. ही रविवारची संध्याकाळ माझ्या पुतण्याला फार जड जाते. वडापाव खाऊन झोपतो, म्हणतो. त्याची दुसरी तक्रार भाकरीची. ‘परभणी मोती’ हे ज्वारीचे वाण आमच्या कृषी विद्यापीठाने दिले. पण पुण्यात ज्वारीची भाकरी गहू-तांदळापेक्षा महाग होऊन ‘गावरान थाळी’त जाऊन बसली आहे, पितळी ताटात, कंदिलाच्या उजेडात. ती खायला गावरान माणसाला परवडत नाही.

मुंबईत माटुंग्याला रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून चालू आहे. केळीच्या पानावर पोटभर भात-सांबार वाढतात. पोरसवदा वयात बँकेच्या प्रशिक्षणासाठी गेलो असताना तिथे जेवलो होतो आणि एवढा भात आपण खाऊ शकतो याचे मलाच नवल वाटले होते. पण माझ्या मते या शहराची खरी खाणावळ गिरणगावातली. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार बायकोमुलांना गावी ठेवून एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर पाळीपाळीने झोपे. त्याला दोन वेळा जेवू घाले ती चाळीतली खाणावळवाली. दहा बाय दहाच्या खोलीत, पंधरा-वीस जणांचा स्वयंपाक, पहिल्या पाळीचे डबे पहाटे. कामगाराचा पगार महिन्याने, म्हणून तिचे पैसेही महिन्याने. तोवर तांदूळ, डाळ, रॉकेल सारे वाण्याकडून उधारीवर, नाहीतर सावकाराकडून व्याजाने. वीस माणसांना महिनाभर उधार जेवू घालणारी ही बाई खरे तर छोटी पतसंस्थाच होती. फक्त तिला कोणी पत देत नव्हते.

ती पत मिळवून दिली प्रेमाताई पुरव यांनी. गोवा मुक्ती लढ्यातल्या या कार्यकर्तीने १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि पहिल्या चौदा खाणावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेकडून प्रत्येकी पंधराशे रुपयांचे कर्ज मिळवून दिले. तारण काही नाही, एकमेकींची हमी. १९६९ च्या बँक राष्ट्रीयीकरणावर नाना मते आहेत आणि माझीही काही आहेत, पण त्या पंधराशे रुपयांनी काय झाले हे कोणत्याही ताळेबंदात न दिसणारे आहे. वाण्याचे व्याज सुटले. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. जेवणारेच गावी परतले, राहिले त्यांच्याकडे द्यायला पैसा नव्हता, तरी कित्येकींनी ताट बंद केले नाही. संप कोणी जिंकला-हरला याच्या चर्चा झाल्या. या बायकांची बुडालेली उधारी कोणी मोजली नाही. आज त्या गिरण्यांच्या जागी मनोरे आहेत आणि तळमजल्यावर काचेची उपाहारगृहे. खाणावळीला मारले ते चवीच्या बदलाने नाही, जागेच्या भाड्याने. साठ रुपयांच्या ताटातून तसल्या गाळ्याचे भाडे निघत नाही, हे समजायला बँकेत नोकरी केलेली असावी लागत नाही.

सरकारला हे दिसत नाही असे नाही. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली. केंद्रांना मोक्याच्या जागा मिळाल्या आणि काही काळाने त्यांतल्या अनेक जागांवर झुणका सोडून बाकी सगळे मिळू लागले. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन आले. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. वरचे चाळीस रुपये शहरात आणि पंचवीस ग्रामीण भागात सरकारने भरायचे. करोनाच्या काळात या थाळीने अनेकांना जगवले, हे मान्य करायलाच हवे. पण केंद्राला थाळ्यांचा ठरावीक कोटा असतो, आणि २०२५ मध्ये चालकांचे अनुदान महिनोन्महिने थकल्याच्या बातम्या वाचल्या तेव्हा मला गिरणगावातल्या खाणावळवालीची आठवण झाली. तिलाही पैसे उशिरा मिळत, पण निदान देणारा रोज समोर जेवायला बसत असे.

माझे म्हणणे असे की ताटाला अनुदान देण्याऐवजी जागेला द्यावे. परळच्या मोठ्या रुग्णालयांभोवती परगावची माणसे आठवड्यामागून आठवडे राहतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागांनी त्यांची सोय केली, दानशूर मंडळी फूटपाथवर अन्न वाटतात, त्यांच्यामुळे कितीतरी जण निभावले. तरी दीड महिना राहणाऱ्या माणसाला रोज पंगतीच्या रांगेत उभे राहणे नको वाटते. त्याला आपले पैसे देऊन, बसून, ओळखीच्या माणसाच्या हातचे जेवायचे असते. तो पाहुणा नाही, उद्याचे गिऱ्हाईकच आहे. फक्त शहर त्याला तसे मानत नाही. सरकारी रुग्णालयाच्या आवारात चार गाळे ठरावीक, कमी भाड्याने बचत गटांना द्यावेत, दर फळ्यावर लिहावा, बँकेने भांड्यांपुरते आणि महिन्याच्या किराण्यापुरते कर्ज द्यावे. बाकी काही करू नये. लिलाव तर अजिबात करू नये, कारण लिलावात जो जिंकतो त्याला ते भाडे आपल्या वरणातून काढावे लागते.

हे मुंबईनेच करावे असेही नाही. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिंतूर, पालम, सोनपेठहून रोग्याबरोबर आलेला माणूस आमच्याकडे तरी कुठे जेवतो? बहुधा पोहे-समोशावर दिवस काढतो. मी शाखाधिकारी असताना कृषी विद्यापीठाच्या पोरांची मेस चालवणाऱ्या एका विधवा बाईंना आठ हजारांचे कर्ज दिले होते. हिशेबाची वही मागितली तर त्यांनी शाळेची दोनशे पानी वही काढली. त्यात बाकी ठेवून पास होऊन गेलेल्या पोरांची नावे एका पानावर होती. हे बुडाले का, असे विचारले, तर म्हणाल्या, “नाही हो. नोकरी लागली की पाठवतात.” काही नावांवर काट मारलेली होती आणि पुढे मनिऑर्डरची तारीख. कर्ज मुदतीआधी फिटले.

परवा पुतण्याचा फोन आला. त्यांच्या गल्लीत लातूरकडच्या एक मावशी आता रविवारी संध्याकाळी ज्वारीच्या भाकरी आणि पिठले करून देतात. किती भाकरी हव्यात ते शनिवारी रात्री दहापर्यंत कळवायचे, पैसे महिन्याने. आयत्या वेळी आलेल्याला मिळत नाही. आणि साठाच्या वर त्या घेत नाहीत, कारण तवा एकच आहे.